रव ते नाद : काइया सारिआहो (१९५२–२०२३) यांची सांगीतिक कारकीर्द

प्रस्तावना

फिनलंडच्या संगीताचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार जाँ सिबेलियस (१८६५–१९५७) यांच्यापासून आरंभ करतात आणि पुष्कळदा त्यांच्यापाशीच थांबतात. याला कारणही तसेच आहे. १८३५ साली प्रसिद्ध झालेले 'कालेवाला' हे लोककाव्य, रशियन साम्राज्याच्या छायेत वाढलेली राष्ट्रीय अस्मिता आणि १९१७ साली मिळालेले स्वातंत्र्य या साऱ्यांशी सिबेलियस यांचे नाव इतके एकजीव झाले की, त्यांच्यानंतरच्या प्रत्येक फिनिश संगीतरचनाकाराला आपला मार्ग या वटवृक्षाच्या सावलीतूनच काढावा लागला. ही सावली ओलांडून जागतिक संगीतात स्वतंत्र स्थान मिळविणाऱ्या रचनाकारांमध्ये काइया सारिआहो यांचे नाव अग्रभागी येते. 'बीबीसी म्युझिक मॅगझीन'ने २०१९ साली संगीतरचनाकारांकडूनच कौल मागविला, तेव्हा हयात असलेल्या रचनाकारांमध्ये सर्वश्रेष्ठ म्हणून त्यांची निवड झाली.

सारिआहो यांच्या कारकिर्दीचे वर्णन सामान्यतः दोन खंडांत केले जाते. १९८० च्या दशकातील सारिआहो म्हणजे संगणक, ध्वनिफीत आणि प्रयोगशाळा. २००० नंतरच्या सारिआहो म्हणजे ऑपेरा, मानवी कंठ आणि भावगर्भता. पहिल्या खंडातील कोरडेपणा सोडून त्या दुसऱ्या खंडात 'माणसांकडे वळल्या', असा या मांडणीचा सूर असतो. प्रस्तुत लेखकास ही विभागणी मान्य नाही. सारिआहो यांनी तारुण्यात एक प्रश्न हाती घेतला होता : ज्याला आपण गोंगाट किंवा रव म्हणतो तो शुद्ध नादात कोठे आणि कसा परिणत होतो? हा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. ऑपेरांनी त्या प्रश्नाला पात्रे दिली, एवढेच. हे पाहण्यासाठी प्रथम १९७० च्या दशकातील हेलसिंकीकडे वळावे लागते.

हेलसिंकी : बंद दारे आणि उघडे कान

काइया लाक्कोनेन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५२ रोजी हेलसिंकी येथे झाला. (सारिआहो हे त्यांच्या पहिल्या विवाहानंतरचे नाव, ते पुढे कायम राहिले.) शालेय वयात त्यांनी व्हायोलिन, पियानो आणि ऑर्गन या वाद्यांचे शिक्षण घेतले, काही काळ चित्रकलेचाही अभ्यास केला. रचनाकार होण्याचा निर्णय मात्र सहजासहजी झाला नाही. फिनलंडने १९०६ साली स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणूक लढविण्याचा हक्क दिला होता. युरोपात असे करणारा तो पहिलाच देश. तथापि त्यानंतर सत्तर वर्षांनीसुद्धा सिबेलियस अकादमीतील काही अध्यापक मुलीला रचनाशास्त्र शिकविणे हा वेळेचा अपव्यय मानीत, असे सारिआहो यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. राजकीय हक्क आणि ज्ञानक्षेत्रातील प्रवेश यांच्यात किती अंतर असू शकते, याचे हे उदाहरण इतिहासाच्या अध्यापकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९७६ साली त्या पाव्हो हाइनिनेन यांच्याकडे गेल्या. हाइनिनेन यांच्या वर्गात जागा नव्हती; जागा दिल्याशिवाय खोलीतून हलायचे नाही, असा निर्धार करून त्या बसून राहिल्या आणि अखेर त्यांना प्रवेश मिळाला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात वारंवार येते. हाइनिनेन हे युरोपीय आधुनिकतावादाचे कठोर पुरस्कर्ते. त्यांच्या विद्यार्थ्यांना तत्कालीन फिनिश संगीतविश्वाचे वातावरण कोंदट वाटू लागले होते, यात नवल नाही.

हे वातावरण कसे होते? १९७५ साली फिनलंडमध्ये दोन ऑपेरा रंगमंचावर आले. औलिस सल्लिनेन यांचा 'घोडेस्वार' सावोनलिना येथील किल्ल्यात झाला आणि योनास कोक्कोनेन यांचा 'अखेरचे मोह' हेलसिंकीत. दुसऱ्याचा नायक होता पाव्हो रुओत्सालाइनेन हा एकोणिसाव्या शतकातील शेतकरी धर्मोपदेशक. दोन्ही ऑपेरांना अपूर्व लोकप्रियता लाभली, परदेशांतून निमंत्रणे आली आणि फिनिश ऑपेराचा जणू सुवर्णकाळ सुरू झाला. पण नव्या पिढीतील आधुनिकतावाद्यांनी या प्रकाराला 'केसाळ टोपीचा ऑपेरा' असे चेष्टेचे नाव दिले. केसाळ टोपी म्हणजे तिकडच्या खेड्यातील माणसाचे हिवाळी शिरस्त्राण. या चेष्टेत काहीसा अन्याय आहे. कोक्कोनेन यांची रचना आजही ऐकणाऱ्याला हलवून सोडते. परंतु तरुणांचा आक्षेप एका कृतीवर नव्हता. राष्ट्रीय विषय, परिचित स्वरभाषा आणि शासकीय गौरव यांच्या संगनमतावर होता.

या आक्षेपातून १९७७ साली 'कोर्वात आउकी' ('कान उघडा') हे मंडळ स्थापन झाले. मॅग्नस लिंडबर्ग, एसा-पेक्का सालोनेन, सारिआहो, एरो हामेन्निएमी आदी विद्यार्थी त्यात होते. महायुद्धोत्तर युरोपात जे घडले ते फिनिश श्रोत्यांनी ऐकावे, हा त्यांचा आग्रह होता. (यांपैकी हामेन्निएमी यांचे कान पुढे वेगळ्याच दिशेने उघडले. त्यांनी दक्षिण भारतात राहून कर्नाटक संगीताचा अभ्यास केला आणि तेथील कलावंतांबरोबर रचना केल्या.) राष्ट्रीय ऑपेराच्या लाटेला विरोध करीत वाढलेल्या या पिढीतूनच पुढे पाच ऑपेरांची रचनाकार निर्माण व्हावी, ही फिनिश संगीताच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट होय.

नादाची जात

१९८० साली डार्मश्टाट येथील उन्हाळी वर्गात सारिआहो यांनी जेरार ग्रिझे आणि त्रिस्ताँ म्यूराय या फ्रेंच रचनाकारांचे संगीत ऐकले. त्या वेळी त्या फ्रायबुर्ग येथे ब्रायन फर्नीहाउ आणि क्लाउस हुबर यांच्याकडे जाण्याच्या तयारीत होत्या. फर्नीहाउ यांची रचनापद्धती अत्यंत गुंतागुंतीची, कागदावर काटेकोर. परंतु एवढ्या गुंतागुंतीतून कानाला प्रत्यक्षात काय ऐकू येते, ही शंका सारिआहो यांना सतावू लागली. ग्रिझे आणि म्यूराय यांनी उलट दिशेने आरंभ केला होता. त्यांनी प्रत्यक्ष ध्वनी घेतला, यंत्राच्या साहाय्याने त्याचे पृथक्करण केले आणि त्यातील उपस्वरांच्या मांडणीतूनच रचनेची स्वरयोजना सिद्ध केली.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जवारीवर लागली असता तीतून गांधार उमटतो. तो कोणी छेडलेला नसतो, म्हणून आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. एका नादाच्या पोटात अनेक नाद असतात आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर त्या नादाची जात ठरते, हे आपल्या संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही असते. भेद एवढाच की, आपण स्वयंभू गांधाराच्या पार्श्वभूमीवर राग उभा करतो. ग्रिझे आणि म्यूराय यांनी त्या गांधाराच्या उमटण्यालाच रचनेचा विषय केले. (ही केवळ आकलनासाठी योजलेली तुलना आहे, सारिआहो यांच्यावर भारतीय संगीताचा प्रभाव होता, असे येथे सुचवावयाचे नाही.)

१९८२ साली त्या पॅरिसला आल्या. पियेर बुलेझ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली 'इर्काम' ही ध्वनिसंशोधनसंस्था १९७७ पासून तेथे कार्यरत होती. तेथे त्यांनी संगणकाचे तंत्र आत्मसात केले आणि पुढे पॅरिस हेच त्यांचे घर झाले. १९८४ साली त्यांचा विवाह रचनाकार व संशोधक झाँ-बाप्तिस्त बारियेर यांच्याशी झाला.

'इर्काम'मधील त्यांची पहिली महत्त्वाची कृती 'व्हेर ल ब्लाँ' ('शुभ्राकडे', १९८२) ही होय. सुमारे पंधरा मिनिटांच्या या रचनेत तीन स्वरांचा एक संघात तीन स्वरांच्या दुसऱ्या संघातापर्यंत सरकत जातो, आणि हे सरकणे इतके मंद असते की, कोणत्याही एका क्षणी स्वर बदलला असे कानाला म्हणता येत नाही. मानवी श्वासाला असे अखंड सरकणे अशक्य आहे. म्हणून यंत्राचे साहाय्य. येथे एका तपशिलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. या कृतीसाठी वापरलेली 'शाँ' ही संगणकप्रणाली मुळात मानवी गायनाचा आवाज कृत्रिम रीत्या निर्माण करण्यासाठी बनविलेली होती. 'शाँ' या फ्रेंच शब्दाचा अर्थच गायन. तेव्हा ज्या कृतीपासून सारिआहो यांच्या तथाकथित यांत्रिक कालखंडाचा आरंभ मानला जातो, तिच्या गाभ्याशी कंठच आहे.

त्याच वर्षीची 'लाकोनिस्म द लेल' ही एकट्या फ्लूटवादकासाठी लिहिलेली छोटी रचना याच दृष्टीने पाहावी. तिच्यात वादक प्रथम सँ-झाँ पेर्स यांच्या काव्यातील काही शब्द उच्चारतो; ते उच्चारण हळूहळू वाद्यात शिरते, श्वासाचा फूत्कार होतो, आणि फूत्कारातून स्वर निघतो. भाषण, श्वास, रव, नाद या चार अवस्थांमध्ये कोठेही भिंत नाही.

या अनुभवाला त्यांनी १९८७ साली 'काँटेम्पररी म्युझिक रिव्ह्यू' या नियतकालिकातील निबंधात तात्त्विक रूप दिले. परंपरागत पाश्चात्य संगीतात विसंवादी स्वरसंघात ताण निर्माण करतो आणि संवादी संघात तो सोडवितो. सारिआहो यांनी या जोडीच्या जागी दुसरी जोडी ठेवली : एका टोकाला रव, दुसऱ्या टोकाला शुद्ध नाद. चेलोचा गज घोडीजवळ नेऊन दाबला की स्वर फाटतो, खरखरतो. गज हलका केला की तो पुन्हा स्वच्छ होतो. ही खरखर म्हणजे वाजविण्यातील दोष नव्हे, तर ताणाचे साधन आहे. या एका विचारावर त्यांनी चाळीस वर्षे रचना केली. चेलोवादक अन्सी कार्तुनेन आणि फ्लूटवादक कामिला होइटेंगा यांच्या सहवासात हा विचार वाद्यांवर प्रत्यक्ष पारखला गेला, हेही नमूद केले पाहिजे.

'लिष्टबोगेन' (१९८६) या नऊ वादकांच्या रचनेची कल्पना त्यांना उत्तर ध्रुवीय आकाशातील प्रकाशपटल पाहताना सुचली. समीक्षकांनी हा धागा उचलून 'उत्तरेकडील निसर्गाची गायिका' अशी त्यांची प्रतिमा उभी केली. सिबेलियस यांच्या बाबतीतही नेमके हेच झाले होते. वस्तुतः या रचनेतील स्वरद्रव्य चेलोच्या एका स्वराचे संगणकाने केलेल्या पृथक्करणातून आले आहे, आणि तो स्वरही नादाकडून रवाकडे जाण्याच्या क्षणी पकडलेला. आकाशातील प्रकाश हे निमित्त; खरे काम चेलोच्या तारेवर झाले. याचा पुढचा टप्पा म्हणजे 'द्यु क्रिस्ताल' (१९८९) आणि 'आ ला फ्युमे' (१९९०) ही वाद्यवृंदासाठीची जोडरचना. शीर्षक आँरी आत्लाँ यांच्या ग्रंथावरून सुचलेले आहे. स्फटिक म्हणजे कठोर सुव्यवस्था, धूर म्हणजे अनिर्बंधता. पहिली रचना चेलोच्या ज्या कंपित स्वरावर संपते, त्याच स्वरावर दुसरी सुरू होते.

ऑपेराकडे

मग ऑपेरा आला कोठून? १९९२ साली साल्झबुर्ग येथे पीटर सेलर्स यांनी दिग्दर्शित केलेला ऑलिव्हिये मेसियाँ यांचा 'सँ फ्राँस्वा दासीझ' सारिआहो यांनी पाहिला. घटना अत्यल्प, काळ संथ आणि ध्वनी हेच नाट्य, असा ऑपेरा असू शकतो, हे त्यांना तेथे उमगले. त्यानंतरची काही वर्षे तयारीची आहेत. सोप्रानो डॉन अपशॉ यांच्यासाठी त्यांनी 'शातो द लाम' (१९९६) लिहिले. त्याच वर्षी 'लोन' ही सोप्रानो व इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांची रचना झाली. 'लोन'चे शब्द बाराव्या शतकातील त्रुबादूर कवी जोफ्रे रुदेल याचे.

हाच रुदेल 'लामूर द ल्वँ' ('दूरचे प्रेम') या पहिल्या ऑपेराचा नायक झाला. संहिता लेबनॉनमध्ये जन्मलेले फ्रेंच लेखक अमीन मालूफ यांची. दिग्दर्शन सेलर्स यांचे. वाद्यवृंदसंचालन केंट नागानो यांचे. जेरार मोर्तिये यांच्या कारकिर्दीत साल्झबुर्ग महोत्सवात १५ ऑगस्ट २००० रोजी पहिला प्रयोग झाला. कथानक दोन ओळींत सांगता येते. फ्रान्समधील रुदेल कधीही न पाहिलेल्या त्रिपोलीच्या क्लेमांस या सरदारकन्येवर प्रेम करतो; एक यात्रेकरू दोघांमध्ये निरोप नेतो; अखेर रुदेल समुद्र ओलांडतो, वाटेत आजारी पडतो आणि तिच्या बाहूंत प्राण सोडतो. तीन गायक, एक वृंद, पाच अंक. फिनलंड सोडून आलेली रचनाकार आणि लेबनॉन सोडून आलेला लेखक पॅरिसमध्ये भेटतात आणि दूरत्वावर ऑपेरा लिहितात, यातील अर्थ उकलून सांगण्याची गरज नाही. नाट्यदृष्ट्या मात्र या कृतीत मधल्या अंकांत शैथिल्य जाणवते. पात्रांना एकमेकांशी बोलण्यासारखे फारसे नाही, आणि तेथे वाद्यवृंदच कथा पुढे नेतो.

या कृतीला २००३ सालचा ग्रॉमायर पुरस्कार मिळाला आणि २००४ साली ती हेलसिंकीत झाली. त्यानंतर मालूफ यांच्याबरोबर 'आद्रियाना माटेर' (पॅरिस, २००६), सिमोन वेइल यांच्या जीवनावरील 'ला पास्यों द सिमोन' (व्हिएन्ना, २००६) आणि गणितज्ञ एमिली द्यु शातले यांच्यावरील एकपात्री 'एमिली' (ल्यों, २०१०) या कृती आल्या. यांपैकी वेइल यांच्यावरील कृती ऑपेरा नसून ऑरेटोरिओ आहे. वेइल यांनी संस्कृत शिकून गीतेचा अभ्यास केला होता, हे आपल्याकडील तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांना परिचित असेल. 'ओन्ली द साउंड रिमेन्स' (आम्स्टरडॅम, २०१६) जपानी नो नाटकांवर आधारित आहे.

एकशे तेरा वर्षे

१ डिसेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'लामूर द ल्वँ'चा प्रयोग झाला. संचालन फिनलंडच्याच सुझाना मॅल्की यांनी केले. या रंगमंचावर स्त्रीने रचलेला यापूर्वीचा एकमेव ऑपेरा म्हणजे इंग्रज रचनाकार एथेल स्माइथ यांचा 'डेर वाल्ट', आणि तो झाला होता १९०३ साली. मधली एकशे तेरा वर्षे रिकामी.

या घटनेचे वृत्तपत्रांनी जे स्वागत केले, त्यात विजयाचा सूर होता. सारिआहो यांचा सूर तसा नव्हता. 'स्त्री रचनाकार' म्हणून विचारले जाणारे प्रश्न त्या तारुण्यात कटाक्षाने टाळीत. संगीताबद्दल बोलावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. २०१० नंतर मात्र त्या या विषयावर उघडपणे बोलू लागल्या, कारण तरुण विद्यार्थिनींना अजूनही त्याच अडचणी येत असल्याचे त्यांनी पाहिले. इतिहासकाराने येथे सावध राहिले पाहिजे. रिकाम्या एकशे तेरा वर्षांचा अर्थ त्या काळात स्त्रियांनी ऑपेरा लिहिले नाहीत, असा होत नाही. ते निवडले गेले नाहीत, असा होतो. कारकिर्दीचा इतिहास हा निवड करणाऱ्या संस्थांचाही इतिहास असतो. साल्झबुर्गला मोर्तिये नसते, तर कदाचित पॅरिसच्या प्रयोगशाळेतील एक आदरणीय नाव एवढीच सारिआहो यांची नोंद राहिली असती.

'इनोसन्स' आणि अखेर

पाचवा व अखेरचा ऑपेरा 'इनोसन्स' ३ जुलै २०२१ रोजी एक्सॉं-प्रोव्हाँस येथे रंगमंचावर आला. महासाथीमुळे तो एक वर्ष लांबला होता. मूळ संहिता फिनिश कादंबरीकार सोफी ओक्सानेन यांची. तिचे बहुभाषिक रूप सारिआहो यांचे पुत्र अलेक्सी बारियेर यांनी सिद्ध केले. हेलसिंकीत एक विवाहसोहळा चालू आहे. दहा वर्षांपूर्वी तेथील आंतरराष्ट्रीय शाळेत एका विद्यार्थ्याने गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले होते. वर हा त्या मारेकऱ्याचा भाऊ आहे, आणि ऐनवेळी वाढपी म्हणून आलेली तेरेझा ही मृत मुलीची आई. फिनलंडमध्ये योकेला (२००७) आणि काउहायोकी (२००८) येथे शैक्षणिक संस्थांत असे हत्याकांड झाले होते. ऑपेरा त्यांपैकी कोणत्याही घटनेचे चित्रण नाही, परंतु फिनिश प्रेक्षकाला ती आठवण टाळता येत नाही.

तेरा पात्रे आणि नऊ भाषा. यातील काही पात्रे गातात, काही लयीत बोलतात, काही गाणे आणि बोलणे यांच्या सीमेवर राहतात. गोळीबारातून वाचलेले विद्यार्थी आपापल्या मातृभाषेत बोलतात. त्यांचा गळा गाण्यासाठी जणू उरलेलाच नाही. मृत मुलगी मार्केता मात्र गाते, आणि तिचे गाणे ऑपेराच्या शिक्षित कंठाचे नसून फिनो-उग्रिक लोकगायनाचे, गुरे हाकारण्याच्या उंच पुकाऱ्यांच्या वळणाचे आहे. १९८२ मधील फ्लूटवादकाचे शब्द, श्वास, रव आणि नाद येथे तेरा माणसांत वाटले गेले आहेत. कोण किती बोलतो आणि किती गातो यावरून कोणावर काय गुदरले ते कळते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही त्यांची सर्वांत परिपूर्ण कृती आहे. 'लामूर द ल्वँ'मधील शैथिल्याचा येथे मागमूस नाही.

आणखी एक गोष्ट. १९७७ च्या आधुनिकतावाद्यांनी हसण्यावारी नेलेले ग्रामीण फिनलंड, त्याचा गुराख्यांचा स्वर, फिनिश भाषा आणि फिनिश समाजाची जखम हे सारे या कृतीत परत आले आहे. ते गौरवासाठी आलेले नाही. केसाळ टोपीच्या ऑपेरातील नायक राष्ट्राचा प्रतिनिधी होता. येथे कोणीच कोणाचा प्रतिनिधी नाही, आणि शीर्षकातील निरपराधत्व एकाही पात्राला पूर्णपणे लागू पडत नाही.

२०२१ च्या आरंभीच सारिआहो यांना मेंदूच्या कर्करोगाचे निदान झाले होते. कुटुंबीयांनी ही बाब त्यांच्या निधनानंतर प्रकट केली. २ जून २०२३ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. अखेरची रचना 'हश' ही ट्रंपेट आणि वाद्यवृंदासाठी आहे. ती ज्यांच्यासाठी लिहिली ते व्हेर्नेरी पोहयोला हे जॅझ परंपरेत घडलेले वादक असून, श्वास आणि स्वर यांच्यामधील धूसर प्रदेश हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य आहे. मॅल्की यांच्या संचालनाखाली तिचा पहिला प्रयोग ऑगस्ट २०२३ मध्ये हेलसिंकीत झाला. त्याच शहराच्या संगीतभवनात ऑर्गन बसविण्यासाठी सारिआहो यांनी दहा लक्ष युरोंची देणगी दिली होती. तो ऑर्गन जानेवारी २०२४ मध्ये वाजू लागला.